पाठ टेकल्यानंतरची कुस्ती

वयाच्या अकराव्या वर्षी मी माझी शेवटची कुस्ती खेळलो आणि अडतिसाव्या वर्षी पुन्हा एकदा कोणाच्या तरी अंगाखाली सापडलो. मधली सत्तावीस वर्षे पदार्थविज्ञान शिकण्यात आणि शिकवण्यात गेली. ती सुखात गेली असे म्हणायला हरकत नाही, कारण फळ्यापुढे उभ्या असलेल्या माणसाची पाठ सहसा कोणी जमिनीला लावत नाही.

त्या शेवटच्या कुस्तीविषयी आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढचे कळेल. आमच्या गावच्या जत्रेत मोठ्या जोडी लागण्यापूर्वी पोरांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्या होत. हलगी वाजत होती. वडील गर्दीत पुढच्याच रांगेत बसले होते; ते स्वतः एके काळचे पैलवान. समोरचा पोरगा माझ्याहून लहानखुरा होता. सलामी झाली, थोडी खडाखडी झाली, आणि त्याने असा काही पट काढला की मला एकदम आकाशच दिसू लागले. सगळे मिळून अर्धे मिनिट झाले असेल. घरी कोणी काही बोलले नाही. बोलले असते तर बरे झाले असते. दुसऱ्या दिवशी पोट दुखते म्हणून तालमीला गेलो नाही, आणि मग कधीच गेलो नाही.

2022 साली संशोधनासाठी रजा घेऊन दोन वर्षे बेंगळूरुला राहिलो. बसून बसून कंबर धरली होती. शेजारच्या खोलीतला एक संशोधक विद्यार्थी रोज संध्याकाळी खांद्यावर पिशवी टाकून कुठेतरी जाई आणि रात्री घामाने निथळत, पण फार प्रसन्न चेहऱ्याने परत येई. एकदा विचारले तेव्हा म्हणाला, "ब्राझिलियन जिउ-जित्सू, सर. येताय का?" मी नाव ऐकले होते, पण हे ज्यूदो-कराटेसारखे काहीतरी असेल यापलीकडे कल्पना नव्हती. गेलो. एका हार्डवेअरच्या दुकानावरचा दुसरा मजला, खाली रबरी गाद्या, भिंतीला उभा पंखा, आणि जाड सुती कोट-पायजमा घातलेली वीसेक माणसे जमिनीवर एकमेकांना बिलगून लोळत होती. ह्या पोशाखाला 'गी' म्हणतात. पहिला विचार मनात आला तो असा, की ह्यांची कुस्ती केव्हाच संपली आहे, मग ही माणसे उठत का नाहीत?

ह्या प्रश्नाचे उत्तर म्हणजेच हा सारा खेळ. आपल्या मातीतल्या कुस्तीत दोन्ही खांदे जमिनीला लागले की निकाल लागतो. 'चितपट', 'अस्मान दाखवणे', 'पाठ लावणे' हे शब्द आपण राजकारणाच्या बातम्यांतसुद्धा पराभवासाठीच वापरतो. 1910 साली लंडनमध्ये गामा पैलवानाशी गाठ पडली तेव्हा झबिस्को हा पोलंडचा धिप्पाड मल्ल दोन तासांहून अधिक वेळ बहुतांशी जमिनीला पोट लावून पडून राहिला, का, तर पाठ लागू नये! जिउ-जित्सूत मात्र पाठ लागली म्हणून काहीच संपत नाही. समोरच्याने हार मानली, म्हणजे हाताने दोन-तीनदा थोपटून खूण केली, तर लढत संपते. नाहीतर ठरलेल्या वेळेनंतर गुण मोजतात. खाली पाडले तर 2 गुण, खालच्याने वरच्याला उलटवले तर 2, पायांचा अडसर ओलांडून बाजूला आला तर 3, छातीवर मांड ठोकली किंवा पाठीवर स्वार होऊन पाय आत अडकवले तर 4. नुसती पाठ टेकवल्याबद्दल कोणाला एक गुणही मिळत नाही.

ही विद्या ब्राझिलात कशी गेली ती हकीकत मनोरंजक आहे. जपानात जुजुत्सूच्या अनेक जुन्या शाळा होत्या. त्यांतले घातक डाव वगळून, उरलेले पूर्ण जोराने सराव करता येईल असे बांधून, जिगोरो कानो ह्या शिक्षकाने 1882 साली तोक्योत कोदोकान ही संस्था काढली आणि आपल्या विद्येला ज्यूदो म्हटले. ह्याच कोदोकानचा मित्सुयो माएदा हा बुटका, पण चिवट विद्यार्थी 1904 साली अमेरिकेला गेला. तिथून इंग्लंड, स्पेन, क्यूबा, मेक्सिको अशी भटकंती करीत, पैशासाठी आखाड्यांतून लढत लढत 1914 साली तो ब्राझिलला पोचला. 'कोन्दे कोमा' ह्या नावाने तो ओळखला जाई. शेवटी अॅमेझॉनच्या मुखाजवळच्या बेलेम शहरी तो स्थायिक झाला आणि 1941 साली तिथेच वारला. बेलेममध्ये त्याच्याकडे शिकलेल्यांत कार्लोस ग्रेसी नावाचा एक तरुण होता. त्याने आपल्या भावांना शिकवले आणि पुढे रिओ द जानेरोत हा घराण्याचाच व्यवसाय झाला. त्या काळी परदेशात ज्यूदोलाही पुष्कळ ठिकाणी 'कानोंचे जिउ-जित्सू'च म्हणत. ब्राझिलने ते जुने नाव धरून ठेवले.

भावांत धाकटा हेलिओ. अंगाने किरकोळ. उचलून आपटण्याचे डाव त्याला झेपत नसत, म्हणून त्याने जमिनीवरच्या, कमी बळ लागणाऱ्या डावांवर भर दिला असे सांगतात. घराण्याच्या कथेत थोडी अतिशयोक्ती असतेच, कारण जमिनीवरची लढत जपानातही चांगली वाढली होती, आणि ती कोणी वाढवली? तर विद्यार्थ्यांनी! 1914 पासून तिथल्या उच्च विद्यालयांच्या सांघिक स्पर्धा क्योतोच्या विद्यापीठाच्या आश्रयाने होऊ लागल्या. नवशिक्या पोरांना दोन-तीन वर्षांत उभ्याने फेकण्याची कला साधत नाही, जमिनीवरची साधते. म्हणून ह्या पोरांनी लोळण्याचे शास्त्रच केले. पायांचा त्रिकोण करून मान आवळण्याचा जो प्रसिद्ध फास आहे, तो ह्याच महाविद्यालयीन मंडळींच्या हातून, किंवा पायांतून म्हणा, आकाराला आला. जिमखाना बुडीत खाते आहे असे मानणाऱ्या आमच्या काही सहकाऱ्यांनी ह्याची नोंद घ्यावी.

बाहेरच्या जगाला हे सारे खऱ्या अर्थाने कळले ते 12 नोव्हेंबर 1993 रोजी. अमेरिकेत डेन्व्हर येथे निरनिराळ्या विद्यांच्या योद्ध्यांची एक स्पर्धा झाली. तीत हेलिओचा मुलगा रॉइस, जो तिथल्या मानाने सडपातळच होता, त्याने एका रात्रीत तिघांना हार मानायला लावली. प्रत्येक लढत अडीच मिनिटांच्या आत संपली. त्यानंतर गावोगाव, देशोदेशी वर्ग निघाले. अखेर आमच्या हार्डवेअरच्या दुकानावरही एक निघाला.

आता पहिल्या संध्याकाळकडे येतो. सुरुवातीला पडायला शिकवतात: हनुवटी छातीला, हात जमिनीवर तळव्याने आपटायचा, डोके लागू द्यायचे नाही. मग एक विचित्र व्यायाम. उताणे पडून, एका कुशीवर वळून, पाय रोवून ढुंगण मागे ढकलायचे आणि असे गादीच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकत जायचे. ह्याला तिकडे कोळंबीची चाल म्हणतात, आणि कोळंबी पाण्यात जशी मागे उसळते तसेच ते दिसते. ताज्या कोळंबीवर वाढलेल्या गोव्याकडच्या मित्रांना हे समजावावे लागणार नाही. माझी कोळंबी पहिल्या दिवशी मध्यावरच उकडली. पण ह्या एका हालचालीवर निम्मा खेळ उभा आहे हे मला तीन महिन्यांनी कळले. वरच्या माणसाला ढकलून दूर करता येत नाही; तो शंभर किलोंचा असेल तर कसा ढकलाल? मात्र स्वतःला त्याच्या खालून काढून घेता येते. पर्वत हलत नसेल तर आपण हलावे, इतकी साधी ही गोष्ट आहे.

नंतर प्रत्यक्ष झुंज. माझ्यासमोर एक बाई आल्या. पन्नास-बावन्न किलो वजन, कमरेला निळा पट्टा, व्यवसायाने दंतवैद्य. (पट्ट्यांचा क्रम पांढरा, निळा, जांभळा, तपकिरी, काळा असा असतो, काळ्याला पोचायला बहुतेकांना दहाएक वर्षे लागतात.) मी सत्याहत्तर किलोंचा. संकोचाने हळूच पुढे झालो. त्या स्वतःहून खाली बसल्या, उताण्या पडल्या आणि दोन्ही पायांनी माझ्या कमरेला विळखा घातला. ह्या स्थितीला 'गार्ड' म्हणतात. आमच्या गावच्या पंचाने इथेच माझा हात वर केला असता. मी वर, त्या खाली, आणि तरीही मला काहीच करता येईना. पुढे झुकलो तर त्या गुडघ्यांनी ओढून माझा तोल घालवीत. मागे झालो तर पाय माझ्या कमरेवर टेकवून मला लांब ठेवीत. मग नेमके काय झाले ते मला दिसले नाही. माझा एक हात आत राहिला, एक बाहेर, आणि मान त्यांच्या मांडीत सापडली. मी थोपटले. एका मिनिटात तीनदा थोपटले.

हे कसे घडते ते पदार्थविज्ञानाच्या माणसाने सांगितलेच पाहिजे. माणसाचे पाय हातांपेक्षा किती तरी बळकट. उभे असताना ते शरीराचा भार वाहण्यात गुंतलेले असतात. पाठ टेकली की मोकळे होतात. म्हणजे खालच्या माणसाला चार हात मिळतात आणि त्यांतले दोन फार जोरकस. आता हाताच्या कोपराचा डाव घ्या. समोरच्याचा हात आपल्या दोन मांड्यांमध्ये धरायचा, मनगट छातीशी घट्ट, अंगठा वर, आणि त्याचे कोपर आपल्या जांघेच्या हाडावर. हे हाड झाले टेकू, मनगट हे तरफेचे टोक. मग फक्त कंबर उचलायची. एकीकडे माझ्या मांड्या, नितंब आणि पाठ ह्या शरीरातल्या सर्वांत मोठ्या स्नायूंचे बळ; दुसरीकडे त्याचा एक दंड. कोपराचा सांधा सरळ रेषेपुढे फारसा जात नाही. पुढे बळ लावले तर अस्थिबंध तुटतात. तरफेचे गणित मी वीस वर्षे फळ्यावर सोडवून दाखवले, पण ते माझ्या स्वतःच्या कोपरावर सोडवलेले पाहिले तेव्हाच नीट समजले.

मानेच्या फासात श्वास कोंडतो असा सर्वसाधारण समज आहे. चांगल्या फासात श्वासनलिकेला हात लागत नाही. मानेच्या दोन्ही बाजूंनी मेंदूकडे रक्त नेणाऱ्या धमन्या दाबल्या जातात. त्रिकोणी फासात एका बाजूने समोरच्याची मांडी दाबते आणि दुसऱ्या बाजूने, गंमत पाहा, आपला स्वतःचाच खांदा! दाब बरोबर बसला तर दहा सेकंदांच्या आत शुद्ध हरपते. लगेच सोडले तर थोड्याच सेकंदांत माणूस भानावर येतो. धरून ठेवले तर जिवावर बेतते. म्हणून वसतिगृहाच्या खोलीत हा प्रकार कोणी करून पाहू नये. जाणता शिक्षक समोर नसेल तर हात लावू नये, एवढे मी वडीलकीच्या नात्याने सांगतो.

पहिले तीन महिने मी रोज बुडणाऱ्या माणसासारखा झगडत असे. दात-ओठ खाऊन, श्वास रोखून, हाती येईल ते घट्ट धरून ठेवायचे, आणि दोन मिनिटांत हातातले बळ संपायचे. आमचे शिक्षक धारवाडकडचे. ते गादीच्या कडेला बसून शांतपणे म्हणत, "निधान, सर, निधान." कन्नडमध्ये 'निधान' म्हणजे सावकाश. मराठीत निधान म्हणजे ठेवा. बेळगावच्या माणसाला दोन्ही अर्थ एकदमच ऐकू येतात, आणि छातीवर कोणी बसलेले असताना दोन्ही सारखेच दुर्मीळ वाटतात. युक्ती अशी की वर कोणी असताना प्रथम श्वास सोडायचा, कोपरे बरगड्यांशी मिटायची, मान सांभाळायची आणि मगच सुटण्याचा विचार करायचा. नवख्याने पहिले सहा महिने जिंकण्याचा हिशेब ठेवूच नये. काल एका मिनिटात थोपटले, आज दोन मिनिटांनी थोपटले, हा हिशेब ठेवावा.

थोपटण्याविषयी मात्र माझी चूक सांगायला हवी. 23 ऑक्टोबर 1951 रोजी रिओच्या माराकाना मैदानात हेलिओ ग्रेसीची मासाहिको किमुरा ह्या जपानी ज्यूदोपटूशी लढत झाली. किमुरा वजनाने पुष्कळ भारी. त्याने हेलिओचा हात पिरगळून पाठीमागे नेला. हेलिओ थोपटीना. अखेर थोरल्या कार्लोसने मध्ये पडून लढत थांबवली. त्या डावाला आज जगभर 'किमुरा'च म्हणतात. जिंकणाऱ्याचे नाव हरलेल्या घराण्याने डावाला दिले, हे मला फार आवडते. पण वाचून जे आवडते ते करू नये. पाचव्या महिन्यात एका एकोणीस वर्षांच्या पोराने माझे कोपर धरले. पोरगा माझ्या विद्यार्थ्यांच्या वयाचा. तो सावकाश कंबर उचलत होता, वाट पाहत होता. मला कळत होते. तरी मी थोपटले नाही. त्या दोन सेकंदांत मला गादी दिसत नव्हती. जत्रेतली पुढची रांग दिसत होती. 'कट्' असा आवाज झाला. पोरगा माझ्याहून जास्त घाबरला. सहा आठवडे उजवा हात झोळीत होता, आणि संशोधनाचे आकडे मी डाव्या हाताने, पहिलीतल्या मुलासारखे लिहीत होतो.

परत गेलो तेव्हा शिक्षकांनी महिनाभर मला एकच काम दिले: डाव नुसता लागू लागला की थोपटायचे, दुखायची वाट पाहायची नाही. दिवसातून वीस-वीस वेळा. मला वाटत होते लाज वाटेल. पहिल्या आठवड्यात वाटली. मग लक्षात आले की थोपटले की समोरचा हात सोडतो, दोघे हातावर हात मारतात, आणि पुन्हा गुडघ्यांवर बसून सुरू करतात. गर्दी नाही, हलगी नाही. एका संध्याकाळी दहा वेळा हरता येते, आणि दहाही वेळा नेमके कुठे चुकले ते विचारता येते. जत्रेतल्या त्या पोराला मी कधी विचारले नव्हते की तू माझा पाय कुठून धरलास.

ज्यांना सुरुवात करायची असेल त्यांच्यासाठी थोडे व्यवहाराचे. नखे कापलेली हवीत, अंगठ्या-कडी-साखळ्या काढलेल्या हव्यात. गी प्रत्येक दिवसानंतर धुवायचीच. ओल्या गादीवर नायटा फार लवकर पसरतो, आणि अंगावर चट्टा दिसला की वर्गाला न जाणे हा सभ्यपणा आहे. गादीवरून उतरताना चपला घालाव्यात. कान सारखे घासले जाऊन सुजले, तर आपल्या पैलवानांसारखे चुरगळलेले होतात. कोणाला ते भूषण वाटते, माझ्या घरी वाटले नाही. आठवड्याला दोन-तीन दिवस पुरेत. शिक्षक निवडताना त्याच्या भिंतीवरची पदके पाहू नका. नवख्याशी झुंजताना वर्गातले जुने विद्यार्थी कसे वागतात ते पाहा. जिथे नव्याला पहिल्या दिवशी चिरडतात तिथून पायताण घालून परत यावे.

आणि ह्या सगळ्याचा आपल्याशी संबंध काय, असे कोणी विचारील. 1952 साली हेलसिंकीला खाशाबा जाधवांनी कांस्यपदक मिळवले. त्या वजनगटात सुवर्णपदक घेणाऱ्या आणि खाशाबांना हरवणाऱ्या जपानच्या शोहाची इशीचा पाया ज्यूदोचा होता. युद्धानंतर जपानात ज्यूदोवर बंदी आली म्हणून तो कुस्तीकडे वळला होता. म्हणजे कोल्हापूरची माती आणि कानोंची गादी ह्यांची गाठ पूर्वीच पडलेली आहे.

2024 च्या उन्हाळ्यात रजा संपवून मी परत आलो. पट्टा अजून पांढराच. त्यावर दोन चिकटपट्ट्या, म्हणजे प्रगतीच्या खुणा, एवढीच कमाई. गावी गेलो असता तालमीवरून जाताना पाय थबकले. आत तोच हौदा, तेल-ताक-हळद मुरलेल्या मातीचा तोच वास. वस्ताद आता पंच्याऐंशीचे. भिंतीला टेकून खुर्चीत बसले होते. मला ओळखले.

"पोट राहिलं काय रे दुखायचं?"

मी काय करत होतो ते सांगितले. त्यांना पटेना. "पाठ लागली म्हंजे कुस्ती गेली. फुडं काय करता मग तुमी?"

"दाखवू का, वस्ताद?"

त्यांनी एका पोराला हाक मारली. वीस वर्षांचा असेल, मान खांद्यात रुतलेली. मी सदरा काढला, माती कपाळाला लावली आणि हौद्यात सरळ उताणा पडलो. कडेची पोरे खो-खो हसली. तो पोरगाही हसत हसत माझ्या पायांच्या विळख्यात येऊन गुडघ्यांवर बसला आणि आता काय, अशा नजरेने वस्तादांकडे बघू लागला. तो जरा मागे रेलला तसा मी उठून बसलो, एक हात त्याच्या खांद्यावरून टाकून त्याचा दंड कोपरावर आवळला आणि कंबर मारली. त्याला सवयच नव्हती, म्हणून साधले. तो खाली, मी त्याच्या छातीवर.

हसणे थांबले. दुसऱ्यांदा हे साधणार नाही हे मला आणि त्या पोराला, दोघांनाही कळले होते.

वस्ताद बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "ही कुस्ती न्हवं." आणि खुर्ची दोन हात पुढे ओढून घेत, "पर त्यो हात कुटनं घातलास? परत दाव बघू. निवांत."

मी पुन्हा मातीला पाठ टेकली.